टो-टचला बॅक हँडस्प्रिंग जोडताना : नवख्यांसाठी पायरी-पायरीने

चिअरलीडिंगच्या कार्यक्रमात ही जागा हमखास येते. सगळा संघ रांगा धरून उभा असतो, हात एका ठेक्यात वर जातात, सगळ्यांचे पाय एकदम हवेत दोन बाजूंना फाकतात आणि ते जमिनीला टेकतात न टेकतात तोच सगळे मागच्या मागे हातांवर उलटतात. बघणाऱ्याला ती एकच हालचाल दिसते. करणाऱ्याला मात्र ठाऊक असतं की इथे टो-टच ही उडी आणि बॅक हँडस्प्रिंग ही मागची उलटी अशी दोन कौशल्यं आहेत, आणि दोन्ही सुटी चांगली येत असली तरी एकापाठोपाठ करायला गेलं की दोन्ही बिघडतात. उडी बुटकी होते, हँडस्प्रिंग आखूड पडते आणि मध्ये एक नको असलेली उसळी घुसते.

हा लेख त्या मधल्या क्षणाबद्दल आहे. अमेरिकेत शाळेच्या संघात किंवा ऑल-स्टार जिममध्ये, म्हणजे शाळेबाहेरच्या स्पर्धा-क्लबात, नुकत्याच दाखल झालेल्या मराठी मुलामुलींना, काचेपलीकडे बसून ‘आमच्या हिचं नेमकं चुकतंय काय’ असा प्रश्न पडलेल्या त्यांच्या आईबाबांना, आणि इथल्या जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमधून तिकडच्या कॉलेजात जाऊन निवडचाचणीला उभं राहू पाहणाऱ्यांना तो उपयोगी पडावा. माझं म्हणणं एवढंच आहे की उडी मारून खाली येणं ही टम्बलिंगची, म्हणजे जमिनीवरच्या उलट्या-कोलांट्यांची, पहिली मात्रा आहे. ती उडीची शेवटची मात्रा समजून शरीर सैल सोडलं की पुढचं सगळं बिनसतं.

आधी ओळख

चिअरमध्ये ‘जंप’ म्हणजे दोन्ही पायांवरून जागच्या जागी मारलेली उडी, जिच्यात हवेत पायांचा एक ठरलेला आकार दिसला पाहिजे. टो-टच ही सगळ्यांत जास्त वापरली जाणारी. पाय दोन्ही बाजूंना सरळ, हात खांद्यांच्या रेषेत आडवे. नावात टच असला तरी बोटं पायांना लावायची नसतात. लावायला गेलात की छाती खाली जाते, आणि ही छातीच पुढे आपल्याला सगळ्यांत जास्त छळणार आहे. पाइकमध्ये दोन्ही पाय समोर, हर्डलरमध्ये एक सरळ आणि एक दुमडलेला. हर्की नावाची उडी लॉरेन्स हर्किमर यांच्या नावावरून आली. १९४८ मध्ये नॅशनल चिअरलीडर्स असोसिएशन सुरू करणारे तेच. चिअरलीडिंगचा आरंभ मानतात तो १८९८ सालच्या नोव्हेंबरातला, मिनेसोटा विद्यापीठातला. फुटबॉल सामन्यात जॉनी कॅम्पबेल नावाचा विद्यार्थी गर्दीसमोर उभा राहून घोषणा देऊ लागला. तिथून निघालेल्या या प्रकाराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची पूर्ण मान्यता मिळाली. आपल्याकडे चिअरलीडर म्हटलं की आयपीएलच्या सीमारेषेवरचा नाच आठवतो. या लेखातला प्रकार वेगळा आहे. तो स्पर्धेचा खेळ आहे आणि त्यात अंगाचा कस लागतो.

टम्बलिंगचे दोन भाग असतात. जागेवरून केलेलं ते स्टँडिंग, आणि धावत येऊन राउंड-ऑफने (हातांवरून चाकासारखं आडवं फिरून दोन्ही पाय जुळवून उतरणं) सुरू केलेलं ते रनिंग. उडीला जोडतात ते स्टँडिंग. आपल्या जिम्नॅस्टिक्स हॉलमध्ये ज्याला फ्लिक-फ्लॅक किंवा नुसतं फ्लिक म्हणतात, तीच ही बॅक हँडस्प्रिंग.

नियमपुस्तिका उघडा, मग मॅटवर जा

ऑल-स्टारमध्ये संघ पातळ्यांत विभागलेले असतात आणि कुठल्या पातळीला काय जोडायची परवानगी आहे हे काटेकोर ठरलेलं असतं. नवीन आलेल्या पालकांचा पहिला गोंधळ इथेच होतो. ‘हिला टो-टच हँडस्प्रिंग येते, मग संघात का करू देत नाहीत?’ कारण संघ दोन नंबरच्या पातळीवर असतो.

पहिल्या पातळीला हँडस्प्रिंगच नसते. तिथे कोलांट्या, कार्टव्हील (चाकासारखी आडवी उलटी), राउंड-ऑफ, वॉकओव्हर (एकेक पाय टाकत कमानीतून उलटणं) एवढंच. दुसऱ्या पातळीला जागेवरून एक बॅक हँडस्प्रिंग चालते, पण उडीला लगेच जोडलेली चालत नाही, आणि हँडस्प्रिंगला लगेच जोडलेली उडीही चालत नाही. तिसऱ्या पातळीला ही जोडणी उघडते आणि एकामागून एक हँडस्प्रिंगही करता येतात. चौथ्या पातळीला जागेवरून बॅक टक, म्हणजे हात न टेकता मारलेली मागची कोलांटउडी, करता येते. मात्र उडीतून थेट टक नाही. मध्ये हँडस्प्रिंग घालून, म्हणजे टो-टच, हँडस्प्रिंग, टक असं करता येतं. उडीतून थेट टक पाचव्या पातळीपासून. शाळा-कॉलेजच्या संघांचे नियम वेगळे असतात आणि ते जमीन कसली आहे यावरही अवलंबून असतात. नियम हंगामागणिक सुधारले जातात, म्हणून चालू वर्षाची प्रत प्रशिक्षकाकडून मागून घ्या.

या क्रमात शहाणपण आहे. ज्या मुलाची सुटी हँडस्प्रिंग अजून डळमळते त्याला जोडणी शिकवली तर ते उडीची उसळी वापरून कशीबशी उलटून जातं, आणि मग सुटी हँडस्प्रिंग कायमची कच्ची राहते.

सुटं काय काय पक्कं हवं

तीन गोष्टी. पहिली, सपाट जमिनीवर, कुणाचा हात न लागता, जागेवरून बॅक हँडस्प्रिंग. ट्रॅम्पोलिनवर येते, उतारावर येते, सर बाजूला उभे असले की येते, हे धरायचं नाही. दमलेले असताना, सरावाच्या शेवटीही ती तशीच आली पाहिजे. दुसरी, टो-टच मारून पाय जुळवून, छाती वर ठेवून, न लडखडता उतरणं. तिसरी गोष्ट लोक विसरतात. सलग तीन टो-टच, मध्ये न थांबता. तिसऱ्या उडीला पाय पहिल्याइतकेच वर गेले तर तुमच्यात जोडणीला लागणारी ताकद आहे. पहिल्या पातळीवरच्या मुलांनी हाच अभ्यास टो-टच आणि बॅक वॉकओव्हर यांच्यावर करायला हरकत नाही. तत्त्व तेच, आणि धोका बराच कमी.

उडी उंच जाण्याचं श्रेय पूर्ण फाकणाऱ्या स्प्लिटला दिलं जातं. ते अर्धवट खरं आहे. जमिनीवर बसून स्प्लिट पडणाऱ्या कितीतरी मुलींचे पाय हवेत कमरेपर्यंतही येत नाहीत, कारण पाय वर खेचणारे कमरेच्या पुढचे स्नायू आणि पोट कमजोर असतं. जमिनीवर पाय फाकून बसा, हात मांड्यांच्या पुढे टेका, पाठ ताठ ठेवा आणि दोन्ही पाय सरळ ठेवून जमिनीवरून उचला. दहादा करताना मांडीला पेटका आला तर समजा की तुमची उडी इथेच अडली आहे. हात जितके पुढे टेकाल तितकं ते कठीण होतं.

उडी : वर जाण्याइतकंच खाली येणं

उडीची तयारी सगळीकडे जवळपास सारखी. पाय जुळलेले, हात छातीजवळ मुठीत, मग हात वर इंग्रजी व्हीच्या आकारात, तिथून समोरून खाली झोका आणि त्याच झोक्यात गुडघे वाकून उसळी. टाचा वर आलेल्या असताना हात वर असतात, आणि हात खाली येताना टाचा टेकतात. हात खांद्यांतून फिरतात. कोपरं वाकली तर झोक्याचा जोर निम्मा होतो.

हवेत गेल्यावर गुडघ्याच्या वाट्या छताकडे किंवा किंचित मागे बघत असाव्यात. समोर बघत असतील तर पाय नीट फिरलेले नाहीत आणि आकार बेडकासारखा दिसतो. पाठ ताठ. पाय हातांकडे येतात, हात पायांकडे जात नाहीत.

आता महत्त्वाचं. पाय सर्वांत वर पोचले की नवखा माणूस तिथे थांबतो, म्हणजे काही करत नाही, आणि पाय आपोआप खाली पडतात. मग ते फाकलेलेच उतरतात, किंवा एक आधी आणि एक नंतर. जोडणी करायची असेल तर वर पोचल्याक्षणी पाय मुद्दाम, जोर लावून आत आणि खाली ओढायचे. मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू इथे कामाला येतात. शरीर अजून हवेत असताना पाय जुळलेले हवेत. प्रशिक्षक याला स्नॅप म्हणतात. घरी गादीवर उताणं पडून पाय छताकडे फाकवायचे आणि टाळी वाजवल्यासारखे फटकन जुळवून खाली आणायचे, जमिनीच्या वीतभर वर थांबवायचे. हे कंटाळवाणं आहे, पण फरक सर्वांत लवकर यानेच पडतो.

पाय टेकतात तेव्हा

पाय जमिनीला लागतात त्या क्षणाचं नीट चित्र डोळ्यांसमोर आणा. तळवे जुळलेले किंवा फार तर खांद्याच्या रुंदीच्या आत. वजन चवड्यांवरून टाचांकडे निघालेलं. नडगी जवळजवळ उभी, म्हणजे गुडघे पायाच्या बोटांच्या पुढे गेलेले नाहीत. नितंब मागे. छाती वर, नजर समोर भिंतीवर. पाठीमागे खुर्ची आहे असं समजून बसायला निघालात आणि ऐनवेळी कुणी ती ओढून घेतली, तर तुमचा तोल ज्या तऱ्हेने मागे जाईल तसा तो इथे जायला हवा. घाबरून सावरायचं नाही. तो जाणारा तोलच तुमची हँडस्प्रिंग आहे.

असं का, हे समजून घेतलं तर निम्म्या सूचना आपोआप कळतात. मागे प्रवास करायचा तर शरीराचा भार पायांच्या मागे असायला हवा. म्हणून टो-टचमधून उतरताना पाय कमरेच्या किंचित पुढे टेकलेले बरे. ते कमरेच्या खाली किंवा मागे टेकले तर भार चवड्यांवर येतो, छाती पुढे झुकते, आणि मग शरीर मागे न जाता वर जातं. उलटताना हात पायांच्या अगदी जवळ पडतात. याला अंडरकट म्हणतात. दिसायला ती नुसती आखूड हँडस्प्रिंग असते, पण डोकं जमिनीला लागण्याचा धोका सगळ्यांत जास्त यातच असतो.

हात काय करतात? टो-टचमध्ये ते आडवे होते. पाय खाली येताना तेही खाली येतात आणि तळवे टेकण्याच्या सुमारास मांड्यांच्या बाजूला पोचतात. बसण्याच्या तळाशी ते कमरेच्या थोडे मागे, आणि तिथून सरळ कोपरांनी, कानांना घासून वर आणि मागे. काही प्रशिक्षक हात खाली न आणता वरच ठेवून उतरायला शिकवतात. दोन्ही पद्धती चालतात. पण एक निवडा आणि संघात सगळ्यांची एकच ठेवा. माझं मत विचाराल तर नवख्याला झोका देणारीच बरी, कारण हातांचा झोका पायांना वेळ सांगतो.

जिम्नॅस्टिक्समधून आलेल्यांसाठी एक इशारा. तुम्हाला वर्षानुवर्षं उतरल्यावर खिळून उभं राहायला शिकवलेलं असतं. पाय टेकले की गुडघे उसळी गिळून टाकतात. तीच चांगली सवय इथे आडवी येते. इथे उतरताना घोटे आणि गुडघे ताठर-जिवंत ठेवून ती उसळी पुढच्या कौशल्याला द्यायची असते. तुमची हँडस्प्रिंग बाकी मुलींपेक्षा सुबक असेल, पण हा भाग तुम्हालाही नव्यानेच शिकावा लागेल.

पायऱ्या

खालचा क्रम घाई न करता चढा. एका पायरीवर सलग पाच-सहा वेळा एकसारखं आलं की पुढची. एकदा जमलं म्हणजे आलं असं नाही. प्रत्येक पायरीला प्रशिक्षक हजर हवेत. पाचव्यापासून तर त्यांचा हातही हवा.

१. उतरून थांबा. टो-टच मारा आणि बसलेल्या स्थितीत गोठून राहा. छाती वर, गुडघे बोटांच्या मागे, हात मांड्यांशी. तीन आकडे मोजा. बाजूने कुणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा. समोरून काढलेल्या व्हिडिओत छाती किती झुकली ते दिसत नाही.

२. उतरून उसळा. टो-टच, आणि पाय टेकताच सरळ उडी, हात कानांशी. यात दोन उड्यांमध्ये जमिनीवरचा आवाज एकच यायला हवा. ‘थप-थप’ असा दुहेरी आवाज आला तर मध्ये चोरटी उसळी आहे. ही जोडणीतली सगळ्यांत चिवट खोड, ती इथेच मोडा. डोळे मिटून नुसता कान देऊन ऐकणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत, आणि ते बरोबर असतात.

३. उतरून मागे बसा. पाठीमागे कमरेएवढ्या उंचीचा मऊ मॅटांचा थर रचा. टो-टच, उतरणं, आणि मागे बसल्याबरोबर हात वर फेकत थरावर पाठीवर पडणं. अंग ताठ, हनुवटी छातीकडे ओढलेली नको आणि डोकं मागे टाकलेलंही नको. थरावर तुम्ही किती मागे जाऊन पडता ते पाहा. जागच्या जागी पडत असाल तर भार अजून चवड्यांवर आहे.

४. पिंपावरून. जिममध्ये फोमचा मोठा आडवा पिंप किंवा अष्टकोनी ठोकळा असतो. तो नेमका मागे ठेवून टो-टच, बसणं आणि पिंपावर कमान करून हातांवर जाणं. पिंप शरीराला वळवतो, म्हणून भीती कमी असते आणि लक्ष उतरण्यावर ठेवता येतं. पिंप अंगाच्या फार जवळ नको. उतरताना टाच त्याला अडकते.

५. उतारावरून. चीजच्या तुकड्यासारख्या तिरक्या मॅटच्या वरच्या टोकाला पाठ उताराकडे करून उभं राहा आणि टो-टच हँडस्प्रिंग खालच्या दिशेने करा. उतार तुम्हाला फुकटची खोली देतो. प्रशिक्षकाचा एक हात कमरेच्या खालच्या भागाशी, दुसरा मांडीच्या मागे. उडी मारताना त्यांना तुमच्या फाकलेल्या पायांपासून दूर राहावं लागतं आणि उतरताक्षणी आत यावं लागतं. हा हात देणं सोपं नाही, म्हणून आईबाबांनी किंवा मैत्रिणीने तो देऊ नये.

६. टम्बल ट्रॅकवर, म्हणजे लांब पट्टीसारख्या ट्रॅम्पोलिनवर, किंवा हवेच्या मॅटवर. इथे उसळी जास्त मिळते, त्यामुळे छान वाटतं. त्याचाच धोका आहे. ट्रॅक उशिरा उसळी देतो, म्हणून जमिनीवरची वेळ इथे बिघडते. आत्मविश्वासासाठी थोडा वेळ करा आणि निघा.

७. स्प्रिंग फ्लोअरवर, म्हणजे खाली स्प्रिंगा बसवलेल्या जमिनीवर, प्रथम हात घेऊन, मग नुसती प्रशिक्षकांची उपस्थिती, मग एकटं. पूर्ण स्पर्धा-फ्लोअर ५४ फूट रुंद आणि ४२ फूट खोल असतो, नऊ पट्ट्यांचा. पट्ट्यांच्या सांध्यावर उभे राहून सराव करू नका.

८. स्प्रिंग नसलेल्या मॅटवर. शाळांच्या आणि काही आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या संघांना हे टाळता येत नाही. इथे सगळी उसळी तुमच्या पायांची. स्प्रिंगवर सुबक येणारी जोडणी इथे पहिल्या दिवशी आखूड पडते, ते धरूनच चला, आणि सुरुवातीला पुन्हा हात मागून घ्या. मागे जाण्यात लाज नाही.

डोक्याचीही एक अडचण असते. बऱ्याच मुलांना सातव्या पायरीवर अचानक अडकायला होतं. उडी होते, पाय टेकतात, आणि शरीर मागे जायला नकार देतं. इंग्रजी बोलणाऱ्या जिममध्ये याला टम्बलिंग ब्लॉक म्हणतात. ओरडून, पैज लावून, ‘सगळ्या करतात, तुलाच काय होतंय’ म्हणून हे सुटत नाही, उलट घट्ट होतं. दोन पायऱ्या खाली उतरा, तिथे सहज येणारं भरपूर करा, आणि मग एकेक आधार काढा. गाडीतून घरी जाताना पालकांनी हा विषय न काढलेला बरा.

बॅक टक जोडायची असेल तर

इथे उतरण्याची रीत बदलते, आणि इथेच हुशार मुलंही गोंधळतात. हँडस्प्रिंगसाठी मागे बसायचं असतं. टकसाठी बसायचं नाही. टक वर जाते. पाय कमरेच्या पुढे न टेकता खाली टेकतात, गुडघे थोडेच वाकतात, जमिनीवर राहणं अगदी क्षणभर, आणि हात खालून वर कानांशी जाऊन तिथे थांबतात. डोकं मागे टाकायचं नाही. शरीर सरळ वर ताणलं गेल्यावरच गुडघे छातीकडे. उताविळीने आधी गुडघे ओढले तर उंची मिळत नाही आणि माणूस हातांवर किंवा गुडघ्यांवर उतरतो.

याच्या सरावासाठी दुसरी पायरी, म्हणजे टो-टच आणि सरळ उडी, उंच करत न्या. सरळ उडी मॅटांच्या गुडघाभर उंच थरावर मागे चढता येईल इतकी झाली पाहिजे. तेवढी उंची नसेल तर टकला हात लावू नका.

दिसतं एक, कारण दुसरं

हँडस्प्रिंगमध्ये गुडघे वाकतात, पाय फाकतात. सगळे ओरडतात ‘पाय जुळव!’ बहुतेक वेळा मूळ उडीत असतं. पाय फाकलेले उतरले, तर ते हवेत जुळायला वेळच मिळत नाही.

टो-टचची उंची जोडणीत घटते. मूल मनाने आधीच हँडस्प्रिंगला पोचलेलं असतं. त्याला थोडे दिवस फक्त ‘टो-टच आणि थांबा’ द्या, आणि अधूनमधून ऐनवेळी ‘जा’ म्हणून सांगा. पुढे काय येणार हे ठाऊक नसलं की उडी पुरी होते.

कोपरं वाकतात, डोकं हातांच्या मध्ये घसरतं. तेव्हा जोडणी ताबडतोब थांबवा. खांदे आणि हात भार पेलण्याइतके तयार नाहीत. भिंतीकडे पोट करून हातांवर उभं राहणं आणि त्याच स्थितीत खांदे उचलणं-सोडणं, हे काही आठवडे.

वळून एका बाजूला जाणं. एक हात आधी टेकतो किंवा एक पाय आधी उतरतो. जमिनीवरच्या सरळ रेषेवर सराव केला की कोणता ते लगेच कळतं.

घर, जमीन आणि दुखणं

घरच्या फरशीवर, गच्चीवर, गॅरेजच्या सिमेंटवर जोडणीचा सराव नको. घरी करायचं ते ताकदीचं आणि ताणाचं. पाय उचलणं, स्नॅप, पोटऱ्यांवर उठणं, भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसणं, मनगटं फिरवणं आणि जमिनीवर तळवे टेकून हळूहळू भार देणं. मॅटवर जाण्यापूर्वी मनगटं आणि घोटे गरम केल्याशिवाय पहिली हँडस्प्रिंग मारू नका. बूट पातळ तळाचे, चिअरचे. धावण्याच्या जाड बुटांत टाच कुठे टेकली ते कळत नाही.

वाढत्या वयातल्या मुलांच्या टाचा दुखणं सर्रास दिसतं. टाचेच्या हाडाच्या वाढीच्या जागेवर वारंवार ताण आल्याने ते होतं, आणि उड्यांची संख्या कमी केल्याशिवाय ओसरत नाही. कमरेच्या खालच्या भागात, विशेषतः मागे वाकताना, दुखणं आठवडाभर टिकलं तर ते ‘स्नायू धरलाय’ म्हणून तेल लावून सोडू नका. सतत मागे कमान करणाऱ्या मुलांमध्ये मणक्याच्या हाडाला ताणाची चीर पडू शकते. डॉक्टरांना दाखवा आणि तोवर कमानीचं काम बंद.

ठेक्यात बसवणं

एकट्याला आलं की काम निम्मं झालं. संघात ते आठ मात्रांत बसवावं लागतं. रीत जिमगणिक बदलते, पण एक सोपी मांडणी अशी : पहिल्या मात्रेला हात मुठीत, ३ला वर, ४ला खाली झोका, ५ला हवेत आकार, ६ला पाय जमिनीवर, ७ला हातांवर उलटलेले, ८ला पुन्हा पायांवर. हे तोंडाने मोठ्याने म्हणत, मॅटवर न उलटता, नुसते हात आणि उतरणं करून बसवा. सगळ्यांचं ६ एकत्र झालं की ७ आणि ८ आपोआप एकत्र होतात. ५ एकत्र करण्याच्या नादात ६ सुटलं तर रांग विसकटते. उंच उडणाऱ्या मुली हवेत जास्त वेळ राहतात, कमी उडणाऱ्या लवकर उतरतात, म्हणून मोजणी हवेतल्या आकाराशी न बांधता उतरण्याशी बांधलेली बरी.

मग कार्यक्रमातली जागा. अडीच मिनिटांच्या कार्यक्रमात ही जोडणी शेवटच्या तीस सेकंदांत ठेवली तर मांड्या संपलेल्या असतात आणि आखूड हँडस्प्रिंग ठरलेलीच. त्यामुळे सरावात पूर्ण कार्यक्रम एकदा करून झाल्यावर, श्वास लागलेला असताना, लगेच दोन जोडण्या करून पाहा. त्या अवस्थेत ज्यांची छाती झुकते त्यांच्यासाठी प्रशिक्षकांनी जागा बदलावी किंवा त्या फेरीत नुसतं टो-टच ठेवावं. परीक्षक उड्या आणि स्टँडिंग टम्बलिंग वेगवेगळे तपासतात. सुबक उडी आणि त्यानंतर नीट उभं राहणं, हे अर्धवट उलटण्यापेक्षा गुणपत्रिकेत बरं दिसतं आणि मानेलाही बरं असतं. स्पर्धेच्या दिवशी सरावाच्या मॅटवर मिळणारा वेळ थोडाच असतो. तेव्हा आधी एकदा उतरून थांबणं, एकदा उतरून उसळणं, मग एकच पूर्ण जोडणी. ती चांगली झाली तर तिथेच थांबा आणि पाणी प्या.